सायीची रांग

औषधांच्या दुकानात दुसरं चिटपाखरूही नसलं तरी मायलिस नोर्दलुंद दारापाशी थांबायची, यंत्रातून नंबराचा कागद ओढायची आणि भिंतीवर आपला आकडा उजळेपर्यंत उभी राहायची. काउंटरमागची बाई सुरुवातीला तिला हाताने बोलवायची. मायलिस हसायची, मान हलवायची आणि कागद दाखवायची. शेवटी त्या बाईनेच हार मानली. मायलिस आत आली की ती मुकाट्याने बटण दाबायची, घंटा वाजायची, आकडा बदलायचा आणि मगच रक्तदाबाच्या गोळ्यांचं बोलणं सुरू व्हायचं. आमच्या एल्वबाका गावात या गोष्टीवर लोक पोट धरून हसायचे, आणि पाहुणे आले की हीच गोष्ट त्यांना कौतुकाने सांगायचे.

कौतुकाला कारण होतं. गावातल्या छोट्या रुग्णालयात तपासणीच्या तारखा मायलिस द्यायची. आसपासच्या खेड्यांतल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या टपालाच्या पिशवीतून तिच्या टेबलावर यायच्या. ज्यांवर डॉक्टरने ‘तातडीचं’ लिहिलं असेल त्या वेगळ्या निघायच्या. बाकीच्या सगळ्या आल्या क्रमाने: आधी शिक्का, मग वहीत नाव, मग तारीख. तिथे ना कारखान्याचा मालक पुढे गेला, ना पाद्रीबुवा, ना मायलिसची सख्खी मावशी. एकतीस वर्षांत तिच्या कामाकडे कुणाला बोट दाखवायला जागा मिळाली नाही.

तिला एका शब्दाचा भारी राग होता. तो शब्द म्हणजे ग्रेदफील.

तसा हा शब्द अगदी घरगुती. दुकानात ग्रेदफील मागा, पांढऱ्या घट्ट आंबट सायीचा डबा हातात पडेल. उकडलेले नवे बटाटे, खारातली हेरिंग मासळी, वर चिरलेली कांद्याची हिरवी पात आणि बाजूला ही साय, एवढं असलं की आमच्याकडे सणाचं जेवण झालं. पण आमच्या भाषेत ग्रेद म्हणजे साय, आणि फील म्हणजे विरजलेलं दूध तसंच रस्त्यावरची लेनही, आणि कुणा मिश्कील माणसाने कधीतरी या दोन्हींची गाठ मारून ठेवली. तेव्हापासून ग्रेदफील म्हणजे सायीसारख्या वरवरच्या बड्या लोकांसाठी राखलेली लेन. बाकीचे तुंबलेल्या रस्त्यात गाडीचं इंजिन बंद करून बसलेत आणि एक जण बाजूने मजेत पुढे निघून जातो, ती. मराठीत वशिला म्हटलं की मध्ये एखादा मामा, एखादा साहेब उभा असतो. इथे तसा कुणी दिसत नाही. पुढे गेलेला माणूस तेवढा दिसतो, म्हणून हा शब्द जास्त झोंबतो. आणि गंमत म्हणजे तो स्वतःबद्दल कुणी वापरत नाही. शेजाऱ्याला मिळते ती ग्रेदफील, आपल्याला मिळतो तो न्याय.

फोनवर कुणी लाडीगोडी लावली, जरा ग्रेदफील नाही का होणार म्हणून विचारलं, की मायलिसचं उत्तर ठरलेलं असायचं. “आमच्याकडे नाही मिळत. दुकानात बघा, दह्याच्या शेजारी असते.” हे उत्तर इतकं प्रसिद्ध झालं होतं की काही लोक ते ऐकायला म्हणूनच विचारायचे.

हा कडवेपणा तिच्यात आला शाळेच्या स्वयंपाकघरातून. तिची आई हुल्दा शाळेत मुलांना जेवण वाढायची. गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि मागून जाम लावलेली पातळ गोड धिरडी. मायलिस पहिलीत असताना आईने एकदा कडेला कुरकुरीत झालेलं धिरडं बाजूला काढून तिच्या ताटात टाकलं, वर जामही चमचाभर जास्त. रांगेतल्या एका मुलीने ते पाहिलं आणि सगळ्या जेवणघराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “हिला का?” हुल्दाच्या हातातला डाव तसाच थांबला. तिचा चेहरा मानेपर्यंत लाल झाला. त्या दिवसापासून ती मायलिसला रांगेच्या शेवटी उभं करायची आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं वाढायची, बहुतेक वेळा फाटलेलं, जाम संपलेलं. घरीही तेच. मायलिसने कधी तक्रार केली नाही. आई आपल्याला शेवटी वाढते ती आपण तिच्या आहोत म्हणून, अशी तिने मनाची समजूत घातली, आणि बिचारीने ती जन्मभर खरी मानली.

तिच्या नवऱ्याचं, एवर्टचं, आयुष्य दुधात गेलं. डेअरीची टाकीची गाडी घेऊन तो नदीकाठच्या गोठ्यांमधून दूध गोळा करायचा. मोठा आवाज, मोठे हात, आणि विनोद मोजून तीन. त्यातला एक शुक्रवारचा. शुक्रवारी त्यांच्याकडे हेरिंग आणि बटाटे असायचे. एवर्ट टेबलापलीकडून हात पुढे करून म्हणायचा, “ग्रेदफील सरकव इकडे, रांग नसेल तर.” मायलिस म्हणायची, “आधी नंबर काढ.” आणि डबा सरकवायची. छत्तीस वर्षं हेच. त्यांची मुलगी उल्रिका वयात आल्यावर या विनोदाला डोळे फिरवायची, आणि पुढे दक्षिणेत नोकरीला गेल्यावर सुट्टीत घरी आली की याच विनोदाची वाट पाहायची.

उल्रिकाची एक गोष्ट मायलिसने कुणालाच सांगितली नव्हती. आमच्याकडे डिसेंबरच्या काळोखात लुसियाचा सण असतो. एक मुलगी पांढऱ्या झग्यात, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून सगळ्यांच्या पुढे चालते, बाकीच्या मुली गात मागून. कोणती मुलगी लुसिया होणार यावरून दरवर्षी आयांची तोंडं फुगायची. म्हणून एका वर्षी शाळेने नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकायचं ठरवलं, आणि चिठ्ठी काढायला कोणाला बोलवायचं यावर कुणाचं दुमत नव्हतं. मायलिसने टोपीत हात घातला, चिठ्ठी काढली, उघडली. उल्रिका. आयांच्या नजरा आपल्यावर आहेत हे तिला जाणवलं. तिने ती चिठ्ठी बोटांत चुरगळली, टोपीत परत सोडली, “दोन एकदम आल्या” असं काहीतरी म्हणाली आणि दुसरी काढली. करीन नावाची मुलगी लुसिया झाली. अकरा वर्षांची उल्रिका तिच्यामागे तिसऱ्या ओळीत गात गेली. मायलिसने तिच्यासाठी घरी केशराचे पाव भाजले, नेहमीपेक्षा जास्त, आणि एवर्टला वाटलं की बायको आज खुशीत आहे.

एवर्टच्या छातीत दुखायला लागलं ते निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, दोन हजार तीनच्या जानेवारीत. दुखतं असंही तो म्हणायचा नाही. बर्फ ओढताना कुणीतरी छातीवर बसल्यासारखं होतं, एवढंच. मायलिसने त्याला आरोग्यकेंद्रात पाठवलं. तिथल्या डॉक्टरने तपासलं, धावपळ करू नको म्हणून सांगितलं आणि हृदयाच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहिली. तातडीचं लिहावं असं तेव्हा काही दिसत नव्हतं. हृदयाचे डॉक्टर किनाऱ्यावरच्या मोठ्या गावातून दर दोन आठवड्यांनी गुरुवारी यायचे आणि एका दिवसात सहा माणसं तपासायचे. तीन महिने थांबावं लागायचं, हे एवर्टला बायकोमुळे पाठच होतं.

चार फेब्रुवारीला, मंगळवारी, पिशवीतून हृदयाच्या नऊ चिठ्ठ्या निघाल्या. मायलिसने शिक्के मारले. चौथ्या चिठ्ठीवर तिला नवऱ्याचं नाव दिसलं. ती येणार हे तिला माहीत होतं. तिने वही पाहिली. आठ मेच्या गुरुवारी चारच जागा उरल्या होत्या. म्हणजे पहिल्या चार चिठ्ठ्यांना आठ मे आणि पाचवीपासून पुढच्यांना बावीस मे. पाचवी चिठ्ठी लाकूड-कारखान्यातल्या अल्लन सुंदीनची होती. शेवटची जागा तारखा देणाऱ्या बाईच्या नवऱ्याला, आणि बिचारा अल्लन दोन आठवडे मागे. सगळं नियमाने झालं होतं. पण नियमाने झालं हे पिशवीला माहीत आणि तिला माहीत, दुसऱ्या कुणाला? जेवणघरातला तो जुना आवाज तिला ऐकू आला. हिला का?

समोरच्या टेबलावर इवोन फोनवर होती. तिचं लक्षही नव्हतं. मायलिसने चौथी चिठ्ठी उचलली आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली. पाचवीही नाही, सहावीही नाही, पार नववी. मग वहीत नावं लिहिली. अल्लन सुंदीन, आठ मे. एवर्ट नोर्दलुंद, बावीस मे. दोन आठवड्यांनी काय होतंय, असं ती स्वतःला म्हणाली, आणि खरं सांगायचं तर लिहून झाल्यावर तिला हलकं वाटलं. अगदी आईने वाढलेलं फाटकं धिरडं खाताना वाटायचं तसं, आपण कुणाचं देणं लागत नाही असं.

संध्याकाळी एवर्टने बूट काढता काढता विचारलं, कितवा लागला नंबर. नववा, ती म्हणाली. एवर्ट हसला. तो म्हणाला की आता गावात मान वर करून फिरता येईल, कारण मायलिस नोर्दलुंदच्या नवऱ्याइतका मागे नंबर कुणाचाच नसणार. ती पण हसली. आधी चौथा होता हे तिने सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं.

मार्च गेला, एप्रिल गेला. नदीवरचा बर्फ फुटला. एवर्ट जिन्यावर मध्येच थांबायला लागला, आणि थांबण्याचं कारण म्हणून भिंतीवरचा जुना फोटो सरळ करायला लागला. मायलिस खालून बघायची. तो फोटो इतका सरळ कधीच नव्हता.

आठ मे आला आणि गेला. शनिवारी एवर्ट पेट्रोल पंपावरून बातमी घेऊन आला. अल्लन सुंदीनला गुरुवारी तपासायला घेतलं आणि डॉक्टरांनी त्याला घरीच जाऊ दिलं नाही. तसाच रुग्णवाहिकेत घालून किनाऱ्यावर नेला, शुक्रवारी ऑपरेशन, आता उठून बसून सूप पितोय.

“आणखी आठवडाभर थांबला असता तर संपला होता, असं म्हणाले डॉक्टर,” एवर्ट म्हणाला. “चार लेकरं घरात. बरं झालं बुवा, वेळेत पोचला.”

तो मनापासून म्हणाला. एवर्टच्या मनात दुसऱ्याचं वाईट कधी आलंच नाही. मायलिसने बटाट्याचं साल काढायला सुरुवात केली आणि साल संपलं तरी ती सुरी फिरवत राहिली. एवर्टने विचारलं, बरं वाटत नाही का. ती म्हणाली, दमलेय.

रविवारी तिने एक गोष्ट ठरवली. सोमवारी डॉक्टर सिग्ब्रितला भेटायचं आणि मागायचं. सिग्ब्रित रुग्णालयातली मोठी डॉक्टर, मायलिसची वीस वर्षांची ओळख, दोघी रोज एकाच टेबलावर कॉफी प्यायच्या. तिने किनाऱ्यावर एक फोन केला असता तर एवर्टला दुसऱ्या दिवशी घेतलं असतं, आणि ते गैरही नव्हतं. त्रास वाढला तर कळवावं हे तर प्रत्येक रुग्णाला पाठवलेल्या पत्रातच लिहिलेलं असायचं, आणि ते पत्र मायलिसच पाठवायची. पण तिला वाक्यच सुचेना. एकतीस वर्षं ती लोकांचं मागणं ऐकत आली होती. मागायचं कसं हे तिला माहीत नव्हतं. रविवारी कपडे वाळत घालताना ती पुटपुटून बघत होती, सिग्ब्रित, एक विचारायचं होतं. सिग्ब्रित, एवर्टचं जरा.

सोमवारी कॉफीच्या सुट्टीत खोली भरलेली होती. दालचिनीचे पाव आले होते, कुणाचातरी वाढदिवस होता. मायलिस सिग्ब्रितच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. विषय नेमका रांगांचाच निघाला होता. वर्तमानपत्रात आलं होतं की मोठ्या शहरात कंपन्यांचे विमे घेतलेल्यांना डॉक्टर आठवड्यात मिळतो आणि साधी माणसं वर्षभर बसून राहतात. सगळे तावातावाने बोलत होते.

मायलिस म्हणाली, “सिग्ब्रित, एक विचारायचं होतं.”

“हिला विचारा!” सिग्ब्रितने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि टेबलाकडे वळून म्हणाली, “देशाच्या सगळ्या रांगा मायलिसच्या हातात द्या, दुसऱ्या दिवशी सरळ होतील. ही बाई सख्ख्या नवऱ्यालासुद्धा ग्रेदफील द्यायची नाही. काय गं?”

सगळे हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सिग्ब्रितला एवर्टच्या छातीचं काही माहीत नव्हतं, मायलिसने कधी सांगितलंच नव्हतं. ती प्रेमाने बोलली होती आणि मायलिसला ते कळत होतं. तीही हसली. सिग्ब्रित म्हणाली, हां, तू काय विचारत होतीस? मायलिस म्हणाली, पावात वेलची आहे का, एवढंच.

मला मायलिसचा राग येतो तो इथे. आधीच्या कशाचा येत नाही. पण त्या खोलीत तिने तोंड उघडायला हवं होतं, लोक हसत होते तर हसू द्यायचं होतं. नंतर तिने स्वतःला याहून वाईट शब्द वापरले, तेव्हा आपण आणखी काय बोलायचं.

बुधवारी, चौदा मेला, एवर्ट अंगणात पुढच्या हिवाळ्याची बर्चची लाकडं रचत होता. ऊन छान पडलं होतं. त्याला मना केलं होतं, पण लाकडं ओली राहिली तर हिवाळ्यात चूल धुमसते, आणि आज बरं वाटतंय असं तो सकाळी म्हणाला होता. साडेदहाच्या सुमाराला शेजारीण खिडकीतून बघत होती. तो वाकला आणि परत उठला नाही. रुग्णवाहिका रुग्णालयातल्या मायलिसच्या खिडकीसमोरून गेली आणि तिच्याच खिडकीसमोर परत आली. ती जिना उतरून खाली पोचली तेव्हा कुणी धावपळ करत नव्हतं, आणि त्यावरून तिला कळलं. एवर्टच्या हातांत हातमोजे तसेच होते. तिने ते काढले. त्यांना बर्चच्या सालीचा वास येत होता. ती ते मोजे घेऊन बाकावर बसली, आणि सिग्ब्रित शेजारी येऊन रडली तरी मायलिसला रडू आलं नाही.

आमच्याकडे माणूस गेल्यावर पुरायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस घरात बसून फक्त फोन घ्यायचे आणि लोकांनी आणून दिलेले केक फ्रीजमध्ये कोंबायचे. उल्रिका गुरुवारी आली. तीन दिवस मायलिस तिच्याशी पेटीच्या लाकडाबद्दल आणि फुलांबद्दल बोलली. रविवारी कपबश्या धुताना तिने एकदम सगळं सांगून टाकलं. नऊ चिठ्ठ्या, चौथी, तळाशी. अल्लन सुंदीन. कॉफीची खोली.

उल्रिका पुसत असलेला कप तसाच हातात धरून उभी राहिली. “बाबांना माहीत होतं? आधी चौथा होता ते?”

“नाही.”

उल्रिकाने कप ठेवला, दुसरा घेतला. तिची नजर सिंकवरच होती. मग ती म्हणाली, “लुसियाच्या वेळी टोपीतून माझं नाव आलं होतं. मी पाहिलं होतं, आई. मी पहिल्या बाकावर बसले होते. चिठ्ठीवर हिरव्या पेनने लिहिलेलं होतं. हिरवं पेन माझ्याकडेच होतं.”

मायलिसने नळ बंद केला. चोवीस वर्षं ती गोष्ट आपल्या एकटीची आहे असं ती समजत होती.

“मी त्या रात्री बाबांपाशी खूप रडले,” उल्रिका म्हणाली. “म्हटलं, आईला मी आवडत नाही. तर बाबा म्हणाले, उलट आहे. तुझ्या आईचं ज्याच्यावर जास्त प्रेम असतं त्याला ती मागे उभं करते, तिला दुसरं येतच नाही. म्हणाले, आपण दोघांनी तिच्याकडे काही मागायचं नाही. म्हणजे तिला नाही म्हणावं लागणार नाही.”

“असं म्हणाला?”

“हो. आणि आम्ही नाही मागितलं. कधीच.” उल्रिकाने दुसराही कप खाली ठेवला. “बाबांनी तुला डॉक्टरांना फोन कर म्हणून सांगितलं नाही, आई, ते दुखत नव्हतं म्हणून नव्हे.”

मायलिस खुर्चीवर बसली आणि मग मात्र रडली. साठ वर्षांची बाई, ओल्या हातांनी चेहरा झाकून, मोठ्याने. नववा नंबर ऐकून एवर्ट हसला होता, तो चेहरा तिच्यासमोर येत होता. उल्रिकाने तिला जवळ घेतलं नाही. थोड्या वेळाने एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सोमवारी मायलिस कामावर गेली. उल्रिका म्हणाली, वेड लागलंय तुला, तर ती म्हणाली की बावीस तारखेची जागा रिकामी आहे. ती वाया गेली तर कुणाचातरी नंबर बुडेल. इवोनने तिला दारातच अडवलं, म्हणाली, मी करते, तू घरी जा. मायलिस म्हणाली, नाही, हे माझं आहे.

तिने वही उघडली. एवर्ट नोर्दलुंद, सकाळी पावणेनऊ. पट्टी लावून तिने नावावर सरळ रेघ मारली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, मयत. मग रांगेतलं पुढचं नाव पाहिलं. रूट एदलुंद, वय एकाहत्तर, नदीच्या वरच्या अंगाला एकटी राहणारी, पाच जूनची तारीख मिळालेली. मायलिसने फोन लावला. बराच वेळ घंटा वाजली. मागे कुत्रं भुंकत होतं, आणि म्हातारीचा श्वास लागलेला ऐकू येत होता.

मायलिसने आपलं नाव सांगितलं, या गुरुवारी एक वेळ मोकळी झाली आहे, येता येईल का, असं विचारलं. रूटबाईंना आधी पटेनाच. या गुरुवारी? पाच जूनच्या आधी? त्यांनी कुत्र्याला गप्प बस म्हणून दटावलं, पुन्हा विचारलं, आणि खात्री झाल्यावर त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला.

“अगं बाई! म्हणजे माझ्यासारखीला ग्रेदफील मिळाली म्हणायची?”

मायलिसच्या तोंडात उत्तर तयार होतं, दुकानात बघा म्हणून. रूटबाई बहुधा त्याचीच वाट बघत होत्या, त्या आधीच हसायला लागल्या होत्या. ते उत्तर बाहेर येईना. समोर इवोन खुर्चीतून अर्धवट उठली.

“हो,” मायलिस म्हणाली. “मिळाली.”

“खरंच की काय? कुणी दिली?”

रुग्णाचं नाव दुसऱ्याला सांगायचं नाही, हा नियम मायलिसच नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायची.

“एवर्ट नोर्दलुंद,” ती म्हणाली. “माझा नवरा. तुमच्या पुढे तो होता.”

नदीकाठच्या सगळ्या गावांना बुधवारची बातमी पोचलेली होती. एवर्टने पंचवीस वर्षं रूटबाईंच्या गोठ्यातलं दूध नेलं होतं. त्या काहीतरी म्हणायला गेल्या, पण मायलिसने त्यांना वेळ पुन्हा एकदा सांगितली, पावणेनऊ, दुसरा मजला, आणि रात्रीनंतर काही खाऊ नका. मग रूटबाईंचं नाव वहीत लिहायला घेतलं, त्याच ओळीत, रेघेच्या वर.